वर बर्फ, खाली घाम



४ जुलैचा लाँग वीकएंड आला की आपल्यापैकी कोणाच्या तरी बॅकयार्डात जमणं ठरलेलंच असतं. २०२५ साली ४ जुलै शुक्रवारी होता आणि पाळी आमची होती. पंचवीस माणसं, घरच्या चक्क्याचं श्रीखंड, बटाट्याची भाजी, मुलांसाठी बर्गर असा बेत होता. आई-बाबा मे महिन्यातच पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते, त्यामुळे स्वयंपाकघराची सूत्रं आईंच्या हातात होती. गुरुवारी संध्याकाळी आम्ही ऑफिसातून आलो तर आई फ्रीजसमोर उभ्या.

"अरे, हा आज बोलत नाहीये," त्या म्हणाल्या.

बोलत नाहीये म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. त्याआधीचे दोन आठवडे आमचा फ्रीज चिवचिवत होता. भिंतीत चिमणी अडकल्यासारखा आवाज. फ्रीझरचं दार उघडलं की आवाज बंद, लावलं की पाच-दहा सेकंदांनी पुन्हा सुरू. दार उघडल्यावर आवाजच नसेल तर शोधायचा कुठे, असं म्हणून आम्ही दोघांनीही तिकडे सोयीस्कर दुर्लक्ष केलं होतं. दिवसभर घरात असणाऱ्या आईंना मात्र त्या आवाजाची सवय झाली होती, म्हणून तो थांबल्याचं त्यांच्याच लक्षात आलं.

दुधाच्या कॅनला हात लावला तर कोमट. थर्मामीटर ठेवला तर ५८ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १४ सेल्सियस. फ्रीज ४० फॅरनहाइट किंवा त्याखाली असायला हवा. गंमत म्हणजे वर फ्रीझरमध्ये मटारची पिशवी अजून दगडासारखी होती, फक्त आइसक्रीम कडेने मऊ पडलं होतं. दुरुस्तीवाल्यांना फोन केले. सगळीकडे एकच उत्तर, मंगळवारच्या आधी कोणी येणार नाही; आणि नुसतं येऊन बघायचे ११० डॉलर, दुरुस्तीचे वेगळे.

श्रीखंडाचं काय ते बघून घेतलं असतं. खरी काळजी दुसरीच होती. आईंना मधुमेह आहे, आणि तीन महिन्यांची इन्सुलिनची पेनं त्याच फ्रीजच्या दारात होती. सुट्टीला येणाऱ्या आई-वडिलांची औषधं भारतातूनच बरोबर येतात, हे आपल्या सगळ्यांच्या घरी सारखंच. इथे ती पुन्हा मिळवायची म्हणजे डॉक्टर शोधा, व्हिजिटर इन्शुरन्सशी हुज्जत घाला, आणि किंमत ऐकून खाली बसा.

आणि इथेच आमच्या हातून मोठी चूक होता होता राहिली. फ्रीझर थंड आहे ना, मग पेनं तिकडे ठेवू, असं म्हणून आम्ही डबा वर सरकवलाही होता. बाबांनी माहितीपत्रक काढून चष्मा लावून वाचलं आणि ओरडलेच, "आधी काढा तो बाहेर!" इन्सुलिन गोठलं की कामातून गेलं, वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी वापरायचं नाही. न वापरलेलं इन्सुलिन ३६ ते ४६ फॅरनहाइटमध्ये ठेवायचं असतं. मात्र फ्रीज बंद पडला म्हणून ते लगेच वाया जात नाही. ८६ फॅरनहाइटच्या आतल्या तापमानाला बहुतेक प्रकार २८ दिवसांपर्यंत चालतात. प्रकाराप्रमाणे हा काळ बदलतो, म्हणून आपल्या पेनाचं माहितीपत्रक बघायचं आणि फार्मासिस्टला विचारायचं. आमचा डबा नशिबाने गोठायच्या आत निघाला. अडचण एवढीच की सगळा साठा बाहेर राहिला असता तर तीन महिन्यांची पेनं महिन्याभरात संपवायची वेळ आली असती. दोन घरं सोडून राहणाऱ्या मराठी शेजाऱ्यांनी त्यांच्या फ्रीजचा एक कप्पा मोकळा करून दिला, आणि डबा तिकडे गेला. तेवढं झाल्यावर डोकं शांत झालं आणि आम्ही फ्रीजकडे वळलो.

वर बर्फ आणि खाली घाम, हे कोडं सुटलं की अर्धी दुरुस्ती झाली असं समजा. आठवा आपला भारतातला जुना १६५ लिटरचा एका दाराचा फ्रीज. वर बर्फाचा कप्पा, त्याच्या भिंतींतच थंड होणाऱ्या नळ्या. थंड हवा जड असते, ती कप्प्यावरून आपोआप खाली भाज्यांपर्यंत उतरायची. त्या फ्रीजला पंखा नव्हताच. म्हणून बर्फ साचायचा, आणि दर पंधरा दिवसांनी ते मधलं बटण दाबून, खाली ताट ठेवून, फडकी घेऊन बसायचं.

इथे आपल्या घरांत जो दोन दारांचा, बर्फ न साचणारा फ्रीज असतो, त्याची रचना वेगळी आहे. त्यात थंडी तयार होते ती बहुधा एकाच ठिकाणी, फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिक किंवा पत्र्याच्या पडद्याआड. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या लावलेली कॉइल असते, तिला इव्हॅपोरेटर म्हणतात. तिच्या डोक्यावर हाताच्या पंजाएवढा पंखा. तो कॉइलमधून हवा ओढतो, बरीचशी फ्रीझरमध्ये फेकतो आणि थोडी एका बोगद्यातून खालच्या फ्रीजमध्ये सोडतो. बोगद्याच्या तोंडाशी एक झडप असते, तिला डॅम्पर म्हणतात. खालच्या भागात थंडी तयार करणारं दुसरं काहीच नाही. सगळी थंडी वरून पंख्याने पाठवलेली, मनीऑर्डरसारखी. पंखा थांबला की कॉइल गारठलेली राहते, तिच्या जवळच्या वस्तू गोठलेल्या राहतात, आणि खाली दूध नासतं. थर्मोस्टॅट बऱ्याच साध्या फ्रीजमध्ये खालच्या भागात असतो. त्याला सगळं गरमच लागतं, म्हणून तो कॉम्प्रेसरला थांबू देत नाही. आमचाही रात्रभर घरघरत होता.

म्हणजे फ्रीझर बऱ्यापैकी थंड, फ्रीज गरम आणि कॉम्प्रेसर चालू, अशी अवस्था असेल तर नवा फ्रीज घ्यायला धावू नका. गॅस आणि कॉम्प्रेसर बहुतेक वेळा शाबूत असतात. हवा फिरत नाही, एवढंच. आता ती का फिरत नाही ते शोधायचं. एक खुलासा आधीच केलेला बरा. खाली फ्रीझर असलेल्या फ्रेंच डोअर फ्रीजपैकी काहींत दोन कॉइली आणि दोन पंखे असतात. त्यांत ज्या भागाचा पंखा बिघडेल तोच भाग गरम होतो.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी बघायच्या काही फुकटच्या गोष्टी आहेत. आपल्या घरातल्या फ्रीझरची अवस्था आपल्याला ठाऊक आहे. इंडियन स्टोअरमधले पराठे, खवलेल्या नारळाची पाकिटं, आईने करून ठेवलेल्या पुरणपोळ्या, मागच्या गणपतीचे उरलेले मोदक. हे सगळं मागच्या पडद्याला टेकवून ठासून भरलं की हवेची वाटच बंद होते. पडद्यासमोर चार बोटं जागा करा आणि दिवसभर वाट बघा. काही घरांचा प्रश्न इथेच सुटतो.

दुसरं, थोडा धीर धरा. फ्रीज दिवसातून काही वेळा स्वतःचा बर्फ स्वतः वितळवतो. त्या वेळी कॉम्प्रेसर आणि पंखा दोन्ही बंद राहतात आणि कॉइलखालचा हीटर चालू होतो. हे साधारण अर्धा तास चालतं. नेमकं तेव्हाच तुम्ही कान लावलात तर पंखा मेला असं वाटेल. तासाभराने पुन्हा ऐका.

तिसरं, दाराचं बटण. दार उघडल्यावर बहुतेक फ्रीजमध्ये पंखा मुद्दाम थांबवलेला असतो, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून. आमची चिवचिव दार उघडताच का थांबायची, त्याचं उत्तर हेच. दार उघडं ठेवून चौकटीवरचं बटण बोटाने दाबून धरा. दिवा विझेल, आणि पंखा ठीक असेल तर त्याची सळसळ ऐकू येईल. दिव्याचं आणि पंख्याचं बटण वेगवेगळं असू शकतं, तेव्हा सापडतील तेवढी सगळी बटणं दाबा. नव्या फ्रीजमध्ये बटणाऐवजी चुंबक असतो आणि पंखा जरा उशिराने सुरू होतो. आम्ही बटण दाबलं, कॉम्प्रेसर चालू होता, पण पडद्यामागे शुकशुकाट.

शुक्रवारी सकाळी पार्टी समोरच्या मित्राच्या घरी हलवली आणि आम्ही फ्रीझर उघडायला घेतला. प्लग भिंतीतून काढला. नुसतं बटण शून्यावर नेऊन चालत नाही, आतल्या काही वायरींत तरीही वीज असते. सामान कूलरमध्ये गेलं, बर्फाचं यंत्र आमच्याकडे नाही ते एक बरं. मग दार अर्धा तास उघडं ठेवलं. गारठलेलं प्लास्टिक काचेसारखं ठिसूळ असतं, घाईने ओढलं तर कान तुटतात. मागचा पडदा पाव इंची षट्कोनी डोक्याच्या स्क्रूंनी बसवलेला होता. कुठे कुठे स्क्रू प्लास्टिकच्या टोप्यांखाली लपलेले असतात, तेव्हा नीट बघा. हातमोजे घाला. कॉइलच्या पट्ट्या ब्लेडसारख्या कापतात. आमच्यातल्या एकाच्या अंगठ्याला त्याचा पुरावा अजून आहे.

पडदा निघाल्यावर पंख्याकडे बघायच्या आधी कॉइलवरचा बर्फ बघा. आमच्या मते या सगळ्या कामातली ही दोन मिनिटं सर्वांत महत्त्वाची. आमच्या ओळखीत दोघांनी नवी मोटर घालून पंधरा दिवसांत पुन्हा तीच रड ऐकवली, कारण त्यांनी बर्फाकडे पाहिलंच नव्हतं.

कॉइलवर सगळीकडे सारखा, पातळ, पांढरा थर असेल, पिठीसाखर भुरभुरल्यासारखा, तर थंडी तयार होते आहे आणि बर्फही वेळच्या वेळी वितळतो आहे. अशा वेळी पंख्यावर संशय घ्यायला हरकत नाही. पण कॉइल दिसतच नाही, तिथे बर्फाची भिंत उभी आहे, पडद्यालाही आतून बर्फ चिकटला आहे, असं असेल तर दोष बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेत आहे. तिचा हीटर, त्याचा छोटा थर्मोस्टॅट, आणि टायमर किंवा बोर्ड या तिघांपैकी कोणीतरी संपावर आहे. बर्फ वाढत वाढत पंख्याच्या पात्यांपर्यंत येतो, आधी खरखर आवाज येतो, मग पाती अडकतात. मोटर बिचारी निर्दोष. बर्फ वितळवला की फ्रीज आठ-पंधरा दिवस छान चालतो आणि पुन्हा बंद पडतो. असा 'आपोआप बरा होऊन पुन्हा आजारी पडणारा' फ्रीज दिसला की हीटरच्या बाजूने तपास करा. तिसरा प्रकार म्हणजे कॉम्प्रेसर बराच वेळ चालूनही कॉइलच्या एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी, किंवा कुठेच बर्फ नाही. तो बहुधा गॅसचा मामला. पडदा परत लावा आणि जाणकाराला बोलवा, त्यात आपण हात घालायचा नाही.

बर्फ काढायला सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथनं काहीही वापरू नका. जुन्या फ्रीजचा बर्फ सुरीने खरवडताना नळीला भोक पाडलेलं एक तरी घर आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असेल. भोक पडलं की गॅस गेला आणि फ्रीज कायमचा बसला. शिवाय अलीकडच्या अनेक फ्रीजमध्ये आर-१३४ए ऐवजी आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेतो. कोणता गॅस आहे ते फ्रीजच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आर-६००ए असेल तर हेअर ड्रायरही लांबच ठेवा. सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे प्लग काढून, दारं उघडी टाकून, खाली जुने टॉवेल पसरून रात्रभर सोडून देणं. घाई असेल तर गरम पाण्याची पातेली आत ठेवा. आईंनी हाच उपाय सुचवला होता, तीस वर्षांच्या अनुभवावरून. कॉइलच्या तळाशी पाणी जायचं भोक असतं, ते बर्फाने बुजलं असेल तर कोमट पाणी ओतून मोकळं करा.

आमच्या कॉइलवर पातळ, सारखा थर होता. म्हणजे गुन्हेगार पंखाच.

आता मोटर. आधी बोटाने पाती फिरवून बघा. चांगला पंखा एका टिचकीत चार-पाच फेऱ्या मारतो. आमचा बोट काढताच थांबत होता, जणू गुळात रुतलाय. आपल्याकडे छताच्या पंख्याचा मेकॅनिक म्हणतो ना, "साहेब, बुश गेलाय," तसंच हे. या लहान मोटरचा दांडा दोन बुशांत फिरतो. वर्षानुवर्षं गारठ्यात चालून त्यातलं तेल सुकतं, चिकट होतं, मग दांडा चिवचिवतो आणि एक दिवस अडतो. दांडा धरून वर-खाली हलवला तर खडखडतो का, तेही बघा. खडखडला तर बुश झिजलेला आहे, त्याला तेलाचा उपयोग नाही.

पाती सहज फिरतात पण वीज दिल्यावर पंखा हलत नाही, अशी स्थिती असेल तर मल्टिमीटर लागतो. वीस डॉलरच्या आत बरा मिळतो. प्लग काढलेलाच ठेवा, मोटरच्या दोन वायरींचं कनेक्शन सोडवा, मीटर ओहमवर लावून दोन टोकांना टेकवा. काहीतरी आकडा आला, काही दहा किंवा काही शे ओहम, तर वाइंडिंग अखंड आहे. मीटर अनंत दाखवत असेल तर आत तार तुटली, मोटर बदला. वाइंडिंग अखंड, पाती मोकळी, तरी पंखा फिरत नाही, असं असेल तर वीजच तिथवर पोचत नाही. मग दाराचं बटण, टायमर, एखादी ठिसूळ झालेली वायर हे बघावं लागतं. जिवंत वायरीवर व्होल्ट मोजायचं काम ज्यांना सवय आहे त्यांनीच करावं. ओल्या फ्रीझरमध्ये १२० व्होल्ट हा खेळ नाही, आणि दुबई, मस्कत किंवा लंडनच्या मंडळींकडे तर २२० ते २४० आहेत.

हे सगळं दोन वायरींच्या साध्या एसी मोटरबद्दल झालं. अलीकडच्या फ्रीजमध्ये तीन-चार वायरींची, साधारण १२ व्होल्ट डीसीवर चालणारी मोटर असते आणि तिचा वेग बोर्ड ठरवतो. ओहम मोजून तिच्याबद्दल काही कळत नाही. तिच्यासाठी फ्रीजचा तांत्रिक कागद बघावा लागतो. तो कागद गंमत म्हणजे बऱ्याचदा फ्रीजमध्येच लपवलेला असतो, खालच्या जाळीच्या मागे किंवा वरच्या बिजागरीच्या झाकणाखाली घडी करून. घर घेतल्यापासून तो तिथे होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आमची मोटर जुन्या धाटणीची, दोन वायरींची. नवी मागवली तर सुट्टीमुळे बुधवारशिवाय येणार नव्हती. बाबा म्हणाले, "मशीनचं तेल नाही का घरात?" होतं, शिवणयंत्राचं. आम्ही मोटरचे दोन स्क्रू सोडले, काळं पडलेलं जुनं तेल पुसलं, दोन्ही बुशांत एकेक थेंब टाकला, परत जोडली. बोटाने फिरवली तर लोण्यासारखी! पडदा लावला, प्लग घातला, बटण दाबलं. पंखा सुरू, आवाज नाही. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

चार तासांनी फ्रीजमध्ये तेच ५८.

कारण कळायला आम्हाला दुपार लागली. टिश्यू पेपरची एक पट्टी फाडून खालच्या फ्रीजमधल्या हवेच्या जाळीसमोर धरली आणि दाराचं बटण दाबलं. पट्टी बाहेर फडफडायला हवी, ती उलट जाळीला जाऊन चिकटली. पंखा उलटा फिरत होता! या मोटरला फिरायची दिशा तिच्या लोखंडी चौकटीवर बसवलेल्या तांब्याच्या कड्यांमुळे मिळते. मोटर उघडून जोडताना आम्ही ती चौकट दांड्याच्या मानाने उलट बाजूने बसवली होती, म्हणून दिशा उलटली. पुन्हा सगळं उघडून सुलट केलं. तेव्हा उघडायच्या आधी मोटरवर आडवी पेन्सिलीची रेघ मारा आणि फोनवर दोन फोटो काढा, हे आमच्याकडून शिका. पाती दांड्यावर किती आत बसली आहेत तेही मोजून ठेवा. पाती गोल भोकाच्या फार आत किंवा फार बाहेर गेली तर हवा नीट फेकली जात नाही. पडदा लावताना वायरी पात्यांत येणार नाहीत अशा मूळच्या क्लिपांत अडकवा, आणि कडेच्या फोमच्या पट्ट्या जागच्या जागी बसल्यात ना ते बघा.

तेलाचा उपाय तात्पुरता, हे मात्र मनाशी धरून चाला. गारठ्यात शिवणयंत्राचं तेल फार दिवस पुरत नाही आणि झिजलेला बुश त्याने भरून येत नाही. आमचा पंखा तेवढ्यावर बुधवारपर्यंत चालला, आणि तेवढंच हवं होतं.

नवी मोटर घेताना फ्रीजच्या आतल्या भिंतीवरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लागतो. त्यातलं शेवटचं अक्षर किंवा आकडाही सोडू नका, कधी कधी त्यावरच मोटर बदलते. कंपन्या पार्टचे नंबर बदलत राहतात, तेव्हा जुन्या नंबराला नवा पर्याय कोणता हे विक्रेत्याकडून पक्कं करा. व्होल्ट, हर्ट्झ, फिरण्याची दिशा आणि दांड्याची लांबी जुन्या मोटरशी जुळायला हवी. भारतातून किंवा आखातातून कोणी येतंय म्हणून स्वस्तात मागवायचा मोह टाळा. तिकडची मोटर २२० ते २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, इथे ती धड फिरणार नाही; आणि इथली तिकडे लावली तर जळेल. आमचा पार्ट ४० डॉलरच्या आत मिळाला, बसवायला वीस मिनिटं लागली. आदल्या शुक्रवारी पाच तास घालवले होते, त्याचा हिशोब कोणी विचारू नये.

प्लग लावल्यावर लगेच दार उघडून बघत बसू नका. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा आणि २४ तासांनी वाचा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं बदलत नाही. फ्रीजला ४० फॅरनहाइटच्या खाली आणि फ्रीझरला शून्य, म्हणजे उणे १८ सेल्सियस, एवढं हवं. आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी ३७ दिसले.

दुसऱ्या पंख्याबद्दल थोडं. पुष्कळ फ्रीजमध्ये मागे खाली, कॉम्प्रेसरच्या शेजारी आणखी एक पंखा असतो. तो कंडेन्सर थंड ठेवतो. तो थांबला तर वरचं आणि खालचं दोन्ही गरम व्हायला लागतं, आणि तापलेला कॉम्प्रेसर मध्येच टक् करून बंद पडतो. तिथे मोटरपेक्षा धूळ आणि केसांचा गुंता सापडण्याची शक्यता जास्त. प्लग काढून व्हॅक्यूम फिरवा, पाती हाताने फिरवा, मग पुढचं बोला. मागे काळी जाळी उघडी असलेल्या काही फ्रीजना हा पंखा नसतोच.

अन्नाचं काय केलं? ४० फॅरनहाइटच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं दूध, शिजवलेला भात, भाज्या, चिकन, पनीर हे सगळं टाकायचं, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे. लोणी, लोणची, कडक चीज, न चिरलेली भाजी-फळं चालतात. दही मात्र टाकायच्या यादीत आहे, हे वाचून आई म्हणाल्या, "दही कसलं खराब होतंय? ते तर बाहेरच लागतं!" या मुद्द्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. चक्का टाकला. पंचवीस माणसांना समोरच्या घरी विकतचं श्रीखंड मिळालं, आणि खरं सांगायचं तर कोणाच्या लक्षात आलं नाही.

इन्सुलिनचा डबा शेजाऱ्यांकडून शुक्रवारी परत आणला, थर्मामीटरने सलग दोन सकाळी ४० च्या खाली दाखवल्यावरच. तो आता मधल्या कप्प्यात पुढे असतो. मागे हवेच्या जाळीला टेकून ठेवला तर तिथे गोठायची भीती असते. पाण्याचा ग्लास आणि थर्मामीटरही शेजारी कायमचे राहिलेत.

जुनी मोटर बाबांनी फेकू दिली नाही, पुण्याला न्यायच्या बॅगेत ठेवली. मल्टिमीटर मात्र आमच्याकडेच आहे. मंडळातल्या कोणाला हवा असेल तर हक्काने घेऊन जा, फक्त दिवाळीच्या माळा तपासायच्या वेळी परत आणून द्या.